डोंगराचें दार कोठें आहे?

भूगोलाच्या तासास एका विद्यार्थ्यानें आम्हांस एकदां असा प्रश्न केला कीं, "जी गुहा अद्याप कोणीच पाहिलेली नाहीं, ती तेथें आहे हें शोधणारास कळतें तरी कसें?" प्रश्न लहान होता, पण त्याचें उत्तर लहान नव्हतें. घंटा झाली, वर्ग उठला आणि उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करण्याचें वचन आम्हीं त्या विद्यार्थ्यास दिलें होतें. तें वचन आज ह्या वार्षिकाच्या पानांवर, त्याच्या बरोबरीच्या मुलांमुलींसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं, पाळीत आहों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'गुहा' हा शब्द उच्चारतांच आपणां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढें कार्ले, अजिंठा, वेरूळ हीं स्थळें उभीं राहतात. परंतु तेथें आहेत तीं लेणीं होत. मनुष्यानें छिन्नी-हातोड्यानें तीं कोरून काढिलीं. त्यांचें दार शोधावें लागत नाहीं, कारण कोरणारानें दारापासूनच आरंभ केलेला असतो. शिवाय आपला सह्याद्रि काळ्या पाषाणाचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या पोटांतून वाहून आलेला तप्त रस थरावर थर थिजून तो बनला. हा दगड पाण्यांत सहजासहजीं विरघळत नाहीं. म्हणून आपल्या डोंगरांत कोसच्या कोस लांबीच्या, पाण्यानें पोखरलेल्या गुहा आढळत नाहींत. तशा गुहा ज्या दगडांत होतात तो दगड निराळा. तो म्हणजे चुनखडक.

पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून जातांना कार्बन डायॉक्साइड वायु शोषून घेतें आणि किंचित् आंबट होतें. सोडावॉटरच्या बाटलींत फसफसतो तोच हा वायु. असें आंबट पाणी चुनखडकाच्या भेगेंत शिरलें कीं भेगेच्या कडा कणाकणानें विरघळवूं लागतें. एका पावसाळ्यांत डोळ्यांस दिसेल असें कांहीं घडत नाहीं. परंतु लक्षावधि वर्षें हें काम न थांबतां चाललें म्हणजे केसाएवढी भेग बोटाएवढी होते, बोटाएवढी हाताएवढी होते, आणि शेवटीं तिच्यांतून नदी वाहूं लागते.

असें झालें म्हणजे वरच्या पठाराची दशा मोठी चमत्कारिक होते. फ्रान्स व स्पेन ह्या देशांच्या सीमेवर पिरिनीज नांवाचा पर्वत आहे. त्यांत आनी नांवाच्या २,५०४ मीटर उंचीच्या शिखराच्या आसपास असेंच एक विस्तीर्ण पठार पसरलेलें आहे. सीमेवरील एका खुणेच्या दगडावरून त्या भागास 'पिएर सें-मार्तें', म्हणजे संत मार्टिनचा दगड, असें नांव पडलें. त्या दगडापाशीं दर वर्षीं १३ जुलै रोजीं फ्रान्सच्या बाजूच्या खोऱ्यांतील लोक स्पेनच्या बाजूच्या खोऱ्यांतील लोकांस तीन गाई देतात. कुरणें व पाणी ह्यांविषयींच्या जुन्या भांडणाचा १३७५ सालीं जो निवाडा झाला, त्याची ही आठवण होय. जेथें माणसांनीं पाण्यासाठीं इतकीं शतकें हिशेब ठेवला, तेथें पठारावर पाणी फार असेल असें कोणास वाटेल. पण तसें नाहीं. पाऊस भरपूर पडतो, हिवाळ्यांत बर्फ पुरुष-दोन पुरुष सांचतें. आणि तरीही त्या पांढुरक्या, भेगाळलेल्या, सुरीच्या पात्यासारख्या कडांच्या खडकावर एकही ओढा वाहतांना दिसत नाहीं. उलट, खालीं शेंकडों मीटरांवर, सेंत-आंग्रास गांवाच्या खोऱ्यांत, डोंगराच्या पायथ्यांतून पाण्याचे लोटच्या लोट बाहेर पडतात.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें. वर पाणी शिरतें, खालीं पाणी निघतें. तेव्हां मधली वाट असलीच पाहिजे. म्हणजे गुहा आहे कीं नाहीं हा खरा प्रश्न नव्हेच. पाणी बोटभर भेगेंतूनही जातें. माणसास जातां येईल असें दार त्या पठारावर कोठें आहे, हा खरा प्रश्न.

आतां कोणी वडीलधारे म्हणतील, "सांपडलें दार, तरी त्याचा उपयोग काय? काळोखांत उतरून हातपाय मोडून घेण्यापलीकडे त्यांत काय आहे?" ही शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर खालच्या झऱ्यापाशीं आहे. फ्रान्समधील एदुआर-आल्फ्रे मार्तेल हे गुहांच्या शास्त्रीय अभ्यासाचे एक आद्य प्रवर्तक होत. १८९१ सालीं ते एका चुनखडकाच्या प्रदेशांत हिंडत असतां एका झऱ्याचें पाणी प्याले आणि आजारी पडले. पाणी दिसावयास स्वच्छ होतें. पुढें शोध करतां असें आढळून आलें कीं, वरच्या पठारावरील एका विवरांत मेलेलें वासरूं टाकलेलें होतें, आणि त्याच विवराचें पाणी ह्या झऱ्यास येत होतें. मेलेलीं जनावरें डोंगरावरच्या खड्ड्यांत लोटून द्यावयाचीं, ही त्या काळीं तिकडील शेतकऱ्यांची नित्याची चाल होती. त्यांत त्यांस कांहीं वाईट दिसत नसे. कारण घाण डोळ्यांआड होई, आणि ती खालच्या गांवच्या घागरींत उतरते हें कोणास ठाऊक नव्हतें. मार्तेल ह्यांनीं हा विषय लावून धरला, आणि १५ फेब्रुवारी १९०२ च्या फ्रेंच आरोग्य-कायद्यानें विवरांत मेलेलीं जनावरें टाकण्यास बंदी झाली. मातीच्या थरांतून झिरपणारें पाणी गाळलें जातें. चुनखडकाच्या गुहेंतून धांवणारें पाणी गाळलें जात नाहीं. म्हणून वरचें दार ठाऊक असणें म्हणजे खालच्या गांवाच्या पाण्याचें मूळ ठाऊक असणें होय.

असो. आतां शोध कसा करतात तें पाहूं.

पहिलें काम घरीं बसून करावयाचें असतें. खडकांचा नकाशा पुढें घेऊन चुनखडक कोठें सुरू होतो, कोठें संपतो, त्याच्याखालीं पाणी न झिरपूं देणारा दगड कोठें आहे, हें पाहतात. दोन जातींचे दगड जेथें भेटतात तेथें ओढे एकाएकीं गुप्त होतात. तेथें आशा अधिक. पठारावर वाटीसारखे वाटोळे खळगे असतात. त्यांतील कित्येक एका ओळींत दिसतात. ती ओळ बहुधा खालच्या एखाद्या मोठ्या भेगेची असते. अलीकडे विमानांतून भूमीवर प्रकाशाचे किरण सोडून, झाडाझुडपांखालचाही उंचसखलपणा दाखविणारे नकाशे तयार करतां येतात, त्यांस लायडारचे नकाशे म्हणतात. उपग्रहांच्या साहाय्यानें आपण नेमके कोठें उभे आहों हेंही हातांतील लहानशा यंत्रावर कळतें. परंतु नकाशावर खळगा दिसला म्हणजे दार सांपडलें असें नव्हे. खळग्याच्या तळाशीं माती आहे कीं विवर आहे, हें पायांनीं जाऊन डोळ्यांनींच पाहावें लागतें.

दुसरी खूण वाऱ्याची. आणि ही सर्वांत महत्त्वाची. मोठ्या गुहेंतील हवेचें उष्णमान बारा महिने जवळजवळ एकच असतें. पिरिनीजमधील आमच्या ह्या पठाराखालीं तें सुमारें पांच अंश सेंटिग्रेड आहे. बाहेर मात्र उन्हाळा-हिवाळा चालूच असतो. हिवाळ्यांत आंतली हवा बाहेरच्या हवेपेक्षां ऊबदार, म्हणून हलकी असते. ती धुराड्यांतील धुराप्रमाणें वर चढते आणि डोंगरमाथ्यावरील भोंकांतून बाहेर पडते. उन्हाळ्यांत ह्याच्या उलट होतें. आंतली थंड व जड हवा डोंगराच्या पायथ्याकडील तोंडांतून बाहेर ओघळते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठीं माथ्यावरचीं भोंकें बाहेरची हवा आंत ओढून घेतात. जणूं काय डोंगर सहा महिने श्वास घेतो आणि सहा महिने सोडतो.

म्हणून शोधणारे लोक भोंकापाशीं गुडघे टेकून साधी उदबत्ती पेटवितात. धूर सरळ वर गेला तर पुढें चालूं लागावें. तो आंत ओढला गेला किंवा बाहेर ढकलला गेला तर थांबावें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हत्ती जाईल एवढें मोठें तोंड असावें आणि त्यांत वारा मुळींच नसावा, असें पुष्कळदां घडतें. तें चार पावलांवर बंद झालेलें असतें. आणि मांजर जाईल न जाईल अशा फटींतून जोराचा वारा येत असला तर तिच्यामागें कोसभर लांबीची पोकळी असूं शकते. दाराच्या थाटावरून घराचा अंदाज करूं नये, हें डोंगराच्या बाबतींतही खरें आहे. हिवाळ्यांत हीच परीक्षा बर्फ आपण होऊन करून देतें. सर्वत्र शुभ्र चादर पसरलेली असतां एखाद्याच ठिकाणीं वाटोळें, काळें भोंक वितळलेलें दिसलें, तर तेथून आंतली ऊब बाहेर येत आहे हें निश्चित.

तिसरी परीक्षा दगडाची. विवरांत खडा सोडून तो तळास लागेपर्यंत किती सेकंद लागतात तें मोजतात. सेकंदांच्या संख्येचा वर्ग करून त्यास पांचांनीं गुणिलें कीं खोलीचा स्थूल अंदाज मीटरांत येतो. तीन सेकंद लागले तर सुमारें ४५ मीटर. चार लागले तर सुमारें ८०. आवाजास वर येण्यास लागणारा वेळ व हवेचा अडथळा ह्यांमुळें खरी खोली थोडी कमी भरते. मात्र आंत कोणी मनुष्य उतरला आहे कीं काय ह्याची खात्री करून घेतल्यावांचून खडा टाकणें हा अक्षम्य अपराध होय.

चौथें साधन म्हणजे धनगर, गुराखी व शिकारी. कोणत्या खळग्यांत मेंढरूं पडलें, कोणत्या कपारीपाशीं भर उन्हाळ्यांत गार वाटतें, कोठें बर्फ लवकर वितळतें, हें त्यांस वाडवडिलांपासून ठाऊक असतें. नकाशा हातांत घेऊन आलेल्या विद्वानानें त्यांच्यापाशीं बसून आधीं ऐकावें, हें बरें.

इतक्या खुणा ठाऊक असल्या तरी प्रत्यक्ष काम अत्यंत कंटाळवाणें असतें. नकाशावर पठाराचे तुकडे पाडतात. चार-पांच जण एकमेकांची हांक ऐकूं येईल इतक्या अंतरावर एका रांगेंत उभे राहतात, आणि शेतांत पेरणी करावी तसे सावकाश चालत जातात. प्रत्येक भोंकापाशीं थांबावयाचें, वाकून पाहावयाचें, उदबत्ती लावावयाची, जरूर तर दोर बांधून उतरावयाचें. बहुतेक विवरांचा तळ दगडगोट्यांनीं बुजलेला, नाहींतर जुन्या बर्फानें बंद झालेला आढळतो. मग वर येऊन तोंडापाशीं खडकावर रंगानें किंवा धातूच्या लहानशा पट्टीनें क्रमांक घालावयाचा; आणि वहींत लिहावयाचें: अमुक क्रमांक, अमुक जागा, खोली इतकी, तळ बुजलेला, वारा नाहीं. दिवसभर चालून अशा दहा नोंदी झाल्या आणि दहाहीमध्यें शेवटीं 'नाहीं' हाच शब्द आला, तरी तो दिवस फुकट गेला असें खरा शोधक मानीत नाहीं. कां मानीत नाहीं, तें पुढें कळेल.

आतां त्याच पिएर सें-मार्तेंच्या पठाराची गोष्ट ऐका. १९५० सालच्या उन्हाळ्यांत एक शोधकमंडळी तेथें आली होती. खालच्या खोऱ्यांतील पाण्याची वाट वरून सांपडते कीं काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. त्यांच्यापैकीं जॉर्ज लेपिनो नांवाचे गृहस्थ एका खळग्यापाशीं असतां, त्याच्या खडकाळ भिंतींतून कावळ्याच्या जातीचा एक पक्षी भुर्रकन् उडून बाहेर आला. पक्षी भिंतींतून येत नसतो. तेव्हां तेथें पोकळी असली पाहिजे, हें त्यांनीं ताडलें. जवळ जाऊन त्यांनीं व सोबत्यांनीं दगड बाजूस सारले. मोकळ्या झालेल्या भोंकांतून टाकलेला दगड फार वेळ खालींच जात राहिला. तें विवर सुमारें ३२० मीटर खोल, सरळ उभें होतें. हवेचा अडथळा नसता तरीही तेवढें अंतर पडावयास दगडास आठ सेकंद लागले असते.

ही गोष्ट सांगतांना पुष्कळ लोक "काय दैव!" असें म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या पक्ष्याच्या जातीचे पक्षी त्या पर्वतांत हरघडी उडत असतात, आणि अनेकांनीं ते पाहिले असतील. परंतु त्या दिवशीं त्या जागीं दार शोधणारा मनुष्य होता, म्हणून पक्षी दाराची खूण ठरला. दैव सर्वांच्या डोळ्यांपुढून जातें. पाहण्याची ज्यानें तयारी केलेली असते त्यासच तें दिसतें.

पुढील वर्षीं, १९५१ मध्यें, पोलादी तार व ती गुंडाळणारें यंत्र आणून माणसें विवराच्या तळास उतरलीं. खालीं प्रचंड दालनें होतीं आणि नदीचा घोष ऐकूं येत होता. १९५२ च्या ऑगस्टांत मंडळी पुन्हा आली. त्या वेळीं मार्सेल लूबां नांवाचे धाडसी शोधक तळाचें काम आटोपून वर येऊं लागले. थोडेंसें वर उचलले जातात न जातात तोंच त्यांच्या कमरपट्ट्यास तार जोडणारी पकड निसटली आणि ते खडकांवर कोसळले. त्यांच्यासाठीं डॉ. मेरे हे त्याच विवरांतून तारेला लटकत खालीं उतरले. परंतु जखमा भारी होत्या. सुमारें दीड दिवसानें लूबां ह्यांनीं प्राण सोडला. त्यांस वर आणणें शक्य झालें नाहीं. सोबत्यांनीं त्यांस तेथेंच, त्या काळोखांत, दगडांखालीं निजविलें. दोन वर्षांनीं, १९५४ मध्यें, मोठ्या कष्टानें त्यांचा देह वर काढून त्यांच्या माणसांच्या स्वाधीन करण्यांत आला.

मध्यंतरीं १९५३ सालीं ल्यों शहरच्या स्काउट तरुणांनीं त्या भूमिगत नदीच्या कडेनें जात जात एक दालन गांठलें, त्यास त्यांनीं आपल्या पथकाचें 'ला व्हेर्ना' हें नांव दिलें. त्याची रुंदी सुमारें अडीचशें मीटर आणि उंची दोनशें मीटरांच्या आसपास आहे. आपल्या शाळेचें पटांगण, इमारत, प्रार्थनामंदिर व त्यामागील झाडें हीं सर्व त्याच्या एका कोपऱ्यांत मावतील. पुढें पाण्यापासून वीज उत्पन्न करण्याच्या हेतूनें डोंगराच्या कुशींतून त्या दालनापर्यंत बोगदा खणण्यांत आला. तो १९६० मध्यें पुरा झाला. वीज मात्र २००८ सालापासून निघूं लागली.

लूबां ह्यांच्या मरणानें एक गोष्ट सर्वांस कळून चुकली. ज्या घरास एकच दार आहे, आणि तेंही ३२० मीटर उंचीचें, त्या घरांत गेलेला मनुष्य जखमी झाला तर त्यास बाहेर कसें काढावें? तेव्हां दुसरीं दारें शोधणें हें केवळ कुतूहल राहिलें नाहीं. तें माणसाच्या जिवाचें काम झालें. पठारावर पुन्हा रांगा चालूं लागल्या, भोंकांस अक्षरें व अंक दिले जाऊं लागले. 'एम ३' अशी खूण असलेल्या एका विवरांतून १९६६ मध्यें खालच्या नदीपर्यंतची वाट मिळाली. त्याच वर्षीं निरनिराळ्या देशांच्या शोधकांनीं त्या पठारापुरती एक कायमची संस्था स्थापिली, ती अशासाठीं कीं कोणी काय पाहिलें ह्याची नोंद एके ठिकाणीं राहावी. त्यानंतर आणखी दारें सांपडत गेलीं. आज त्या गुहाजालाची मोजलेली लांबी ८० किलोमीटरांहून अधिक आहे, आणि हें सर्व पक्षी जेथून उडाला त्या एका भोंकापासून सुरू झालें.

दार सांपडलें तरी तें कोणत्या झऱ्याचें, हें कसें ठरवावें? त्यासाठीं फ्लुओरेसीन नांवाचा रंग वापरतात. तो चिमूटभर टाकला तरी पुष्कळ पाणी हिरवेंगार होतें. नॉर्बेर कास्तेरे ह्या फ्रेंच शोधकानें १९३१ च्या जुलैंत पिरिनीजच्या स्पेनकडील भागांत, बर्फाचें पाणी जेथें एका विवरांत गडप होतें तेथें, ६० किलोग्रॅम रंग ओतला. लोकांचा समज असा होता कीं, तें पाणी त्याच उतारानें खालीं जाऊन भूमध्य समुद्रास मिळत असावें. परंतु पुढल्याच दिवशीं सुमारें चार किलोमीटरांवर, डोंगराच्या पलीकडच्या अंगास, अरान खोऱ्यांतील मोठा झरा हिरवा होऊन वाहूं लागला. तें पाणी पर्वताच्या पोटांतून पलीकडे जाऊन गारोन नदीस, आणि तिच्याबरोबर अटलांटिक महासागरास, मिळत होतें. डोंगराच्या पाठीवरची पाणलोटाची रेषा एक, आणि पोटांतली निराळी!

आतां 'नाहीं' ह्या नोंदीचें महत्त्व सांगतों. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्याजवळ, कॉकेशस पर्वतांत, आराबिका नांवाचें चुनखडकाचें पठार आहे. तेथें १९६८ सालीं क्रास्नोयार्स्क येथील शोधक एका विवरांत ११५ मीटर उतरले. त्यांनीं त्याची नकाशावर खूण केली व ते निघून गेले. चौदा वर्षांनीं, १९८२ मध्यें, मॉस्कोची एक मंडळी तेथें आली आणि तेंच विवर तिनें नव्यानें शोधून काढिलें. त्यास तिनें आपला निराळा क्रमांक दिला. एकच दार दोनदां सांपडलें! १९८६ पर्यंत तें ४४० मीटर खोलीपर्यंत नेण्यांत आलें आणि एका दिवंगत सोबत्याच्या नांवावरून त्यास व्हेर्योव्किना हें नांव मिळालें. पुढें कित्येक वर्षें खोली वाढेना. परंतु मॉस्कोच्या त्याच मंडळानें आपल्या जुन्या वह्या सोडल्या नाहींत. २०१५ मध्यें त्या गुहेंतच एक नवें विवर सांपडलें, आणि २०१८ पर्यंत माणसें २,२०० मीटरांहून अधिक खोल जाऊन पोहोंचलीं. जगांतील ज्ञात गुहांत ती सर्वांत खोल ठरली. ज्या भोंकास आरंभीं ११५ मीटरांचें म्हणून कोणी फारसें विचारलें नव्हतें, त्याच्या खालीं दोन किलोमीटरांची खोली पन्नास वर्षें वाट पाहत होती.

ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. आपण केलेलें काम दुसऱ्यास कळेल असें लिहून ठेविलें नाहीं, तर मागून येणारास तेंच पुन्हा करावें लागतें. आणि 'येथें कांहीं नाहीं' असें लिहितांना 'मीं येथवर पाहिलें' एवढेंच आपण प्रामाणिकपणें म्हणूं शकतों. त्यापलीकडचें नाकारण्याचा अधिकार आपणांस नाहीं. न पाहिलेल्या भोंकापुढें 'पाहिलें' असें लिहिणारा मनुष्य आळशीच नव्हे, तर चोर होय. कारण मागून येणाराचें दार तो बंद करतो.

आपल्या देशांतही असें पठार आहे. मेघालयांतील खासी व जैंतिया टेंकड्यांच्या दक्षिण कडेस चुनखडक आहे, आणि चेरापुंजीस वर्षाकाठीं ११,००० मिलीमीटरांच्या वर पाऊस पडतो. पाणी व दगड दोन्हीं जुळल्यावर गुहांस काय तोटा? खासी भाषेंत गुहेस 'क्रेम' म्हणतात. शिलाँगच्या व परदेशच्या शोधकांनीं १९९२ पासून तेथें पद्धतशीर शोध चालविला. दार बहुधा गांवचाच एखादा मनुष्य दाखवितो. क्रेम लिआत प्राह ह्या गुहेची मोजलेली लांबी ३० किलोमीटरांहून अधिक आहे. ह्याच टेंकड्यांतून चुनखडकाच्या खाणीही चालतात. म्हणून कोणत्या दगडाखालीं कोणतें पाणी वाहतें, हें सुरुंग लावण्यापूर्वीं ठाऊक असणें तेथें अगत्याचें आहे.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच. सुटींत गांवीं गेल्यावर एखादें विवर दिसलें, तर एकट्यानें त्यांत पाऊलही टाकूं नका.  पण गांवाबाहेरचा झरा पाहा. तो कोणत्या महिन्यांत आटतो, पहिल्या पावसानंतर किती दिवसांनीं वाढतो, गढूळ केव्हां होतो, हें वहींत लिहून ठेवा. आपला काळा पाषाणही भेगाळलेला आहे, आणि त्या भेगांतून वरचें पाणी खालच्या विहिरीस येतें. आईबापांसही नम्र विनंति आहे कीं, घरांतील कचरा किंवा मेलेलें जनावर पडक्या विहिरींत टाकण्यापूर्वीं मार्तेलसाहेबांच्या त्या झऱ्याची आठवण करावी. आपण ज्यास शेवट समजतों, तें पुष्कळदां दुसऱ्या कोणाच्या पाण्याचें दार असतें.

आणि ज्या विद्यार्थ्यानें तो प्रश्न केला त्यास आमचें उत्तर असें: न पाहिलेली गुहा तेथें आहे हें खालच्या झऱ्यावरून कळतें, आणि तिचें दार ज्यानें सगळीं बंद भोंकें एकामागून एक पाहून, तीं खरीं-खरीं लिहून ठेविलीं, त्यास किंवा त्याची वही वाचणारास सांपडतें.